ब्लॉग, फेसबुक, व्हॉट्सॲप : आपण लिहिलेले राहते कुठे?



गेल्या कोजागिरीला दूध आटायची वाट बघत आम्ही सगळे स्वयंपाकघरात उभे होतो. तेव्हा एका काकूंनी आम्हाला गाठले. "तुम्ही दोघे कॉम्प्युटरवाले ना? मग सांगा, आईच्या हातच्या पाककृती मी लिहून काढतेय, त्या टाकू कुठे? मुलगी म्हणते इन्स्टाग्रामवर टाक, हे म्हणतात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाक, आणि भाची म्हणते ब्लॉग काढ. पण ब्लॉगचे दिवस आता गेले ना?"

आम्ही दुधावरची साय बघत काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले आणि वेळ मारून नेली. खरे उत्तर द्यायचे तर थोडे तांत्रिक बोलावे लागले असते, आणि आमच्या घरची एक गोष्टही सांगावी लागली असती. दुधाच्या पातेल्यापाशी ते जमण्यासारखे नव्हते. म्हणून हा लेख.

बाबा (आमच्यातल्या एकाचे वडील, दुसरीचे सासरे) पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. त्यांचे लहानपण कोयनानगरला गेले, कारण आजोबा धरणाच्या कामावर होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा बाबा नऊ वर्षांचे होते. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, म्हणजे २०१३ साली, आम्ही त्यांना एका मोफत सेवेवर ब्लॉग उघडून दिला. आमचा हेतू तसा स्वार्थी होता. आम्ही परदेशी जाणार हे ठरले होते आणि बाबांचा वेळ बरा जावा एवढीच इच्छा होती. बाबा आधी वहीत लिहीत, मग चष्मा कपाळावर सारून एका बोटाने ते टंकत. डिसेंबरमध्ये त्यांनी भूकंपाच्या रात्रीबद्दल लिहिले. पहिले दोन प्रतिसाद अर्थातच आमचे. "छान लिहिलंय बाबा." झाले, संपले असे आम्हाला वाटले.

पाच महिन्यांनी मस्कतहून तिसरा प्रतिसाद आला. लिहिणाऱ्या बाई बाबांच्याच वयाच्या. त्याच वसाहतीत, दोन ओळी सोडून त्यांचे घर होते. बाबांनी लिहिले होते की सगळे मैदानात कुडकुडत उभे असताना आजीने पडक्या घरात जाऊन गोधड्या ओढून आणल्या. बाईंनी लिहिले, "त्यातली एक गोधडी आमच्या अंगावर होती. ती कुणाची हे आईला शेवटपर्यंत कळले नाही." त्यानंतर टोरांटोहून एक जण आले, मग इचलकरंजीहून, मग ठाण्याहून दोघे भाऊ. कुणी बाबांची चूक काढली, कुणी शाळेतल्या गुरुजींचे नाव सांगितले, कुणी विचारले की अमुक कुटुंबाचे पुढे काय झाले, आणि तिसऱ्याने त्याचे उत्तर दिले. चार वर्षांत त्या एका लेखाखाली ४३ प्रतिसाद जमले. २०१७ च्या डिसेंबरमध्ये, भूकंपाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, त्यातले चौदा जण कराडला एकत्र जेवले. आम्ही फोटोच पाहिला.

आता प्रश्न असा, की मस्कतच्या मावशींना हा लेख सापडला कसा? त्या बाबांना ओळखत नव्हत्या, बाबा त्यांना ओळखत नव्हते, मधे कुणी 'कॉमन फ्रेंड' नव्हता. त्यांनी फक्त शोधयंत्रात देवनागरीत 'कोयनानगर वसाहत भूकंप' असे काहीसे टाकले होते. हे घडायला तीन गोष्टी जुळून याव्या लागतात आणि त्या तिन्ही ब्लॉगमध्ये असतात, म्हणून जरा थांबून त्या बघू.

पहिली गोष्ट अक्षरांची. जुन्या मंडळींना आठवत असेल, पूर्वी संगणकावर मराठी लिहायचे तर शिवाजी, किरण असे फॉन्ट वापरावे लागत. ते दिसायला देवनागरी, पण आतून इंग्रजीच. म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागी नुसते देवनागरी चित्र बसवलेले. समोरच्याकडे तोच फॉन्ट नसला की पत्राची भेळ व्हायची, आणि शोधयंत्राला तर ती कायमच भेळ दिसायची. युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला, त्यामुळे 'क' हा जगातल्या कुठल्याही यंत्रावर 'क' झाला. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण ती आपल्या घरातल्या संगणकापर्यंत पोचायला दहाएक वर्षे गेली. विंडोज एक्सपीवरसुद्धा मराठी नीट दिसायला सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे, आणि मग ते यंत्र मूळ सीडी मागे. ती सीडी कधीच जागेवर नसायची! २००४-०५ च्या पुढे मराठी ब्लॉगांची जी लाट आली तिचे मोठे कारण हे. (ब्लॉगला 'अनुदिनी' म्हणावे की 'जालनिशी' ह्यावर तेव्हा पुष्कळ शाई, म्हणजे पुष्कळ कळा, खर्ची पडल्या. शेवटी सगळे ब्लॉगच म्हणू लागले.)

दुसरी गोष्ट कायमचा पत्ता. ब्लॉगवरच्या प्रत्येक लेखाला स्वतःचा दुवा असतो आणि तो दहा वर्षांनीही तोच राहतो. तिसरी गोष्ट म्हणजे दार उघडे असते. वाचायला सदस्य व्हावे लागत नाही, म्हणून शोधयंत्रालाही आत येऊन वाचता येते.

आता हाच मजकूर बाबांनी व्हॉट्सॲपवर टाकला असता तर? ग्रुपमधल्या तीस जणांनी दुपारपर्यंत अंगठे दाखवले असते आणि संध्याकाळी तो सुप्रभाताच्या फुलांखाली गाडला गेला असता. व्हॉट्सॲपवरचे संदेश टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद असतात. खाजगी बोलण्यासाठी ते उत्तमच आहे. पण त्याचाच अर्थ असा की मस्कतच्या अनोळखी बाईंना ते कधीही सापडणार नव्हते. फेसबुकची तऱ्हा मधली. तिथे माणसे भरपूर, पण तुमची नोंद कुणाला दाखवायची हे त्यांचे गणित ठरवते, दोन-तीन दिवसांत ती खाली जाते, आणि बहुतेक मजकूर लॉगइनच्या भिंतीआड असतो. इन्स्टाग्रामवर चित्राखालच्या मजकुराला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे आणि त्यात दिलेला दुवा दाबता येत नाही. काकूंच्या आईची पुरणपोळी एवढ्यात मावणार नाही.

ह्याचा अर्थ फेसबुक-व्हॉट्सॲप वाईट असा नाही. आमच्या मुलीचा पहिला दात पडल्याची बातमी आम्ही काही ब्लॉगवर लिहिली नव्हती. भेटायची जागा वेगळी आणि ठेवायची जागा वेगळी, एवढेच म्हणणे आहे. आपण कट्ट्यावर गप्पा मारतो, पण घराची कागदपत्रे कट्ट्यावर ठेवत नाही.

पण ब्लॉग म्हणजे तरी आपले घर का? इथे गोष्टीचा पुढचा भाग येतो.

मे २०२१ मध्ये बाबा गेले. ते दिवस कसे होते हे सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला वेळेवर पोचता आले नाही. नंतरची धावपळ, बँका, घर, आईला धीर देणे ह्यात बाबांचा मोबाइल नंबर चालू ठेवावा हे कुणाच्या डोक्यात आले नाही. रिचार्ज संपला, सिम बंद झाले. डिसेंबर २०२४ मध्ये मुलीला शाळेसाठी आजी-आजोबांबद्दल काहीतरी लिहायचे होते, म्हणून भूकंपाचा लेख दाखवायला ब्लॉग उघडला, तर 'असे पान अस्तित्वात नाही'.

खाते बराच काळ कुणी उघडले नव्हते म्हणून ते नियमाप्रमाणे काढून टाकले गेले होते. सूचना आल्या असणार, पण त्या बाबांच्याच टपालपेटीत, जी कुणी उघडतच नव्हते. परवलीचा शब्द आईने डायरीत शोधून काढला, तो बरोबरही असावा, पण त्याचा आता उपयोग नव्हता. आणि उपयोग असता तरी पडताळणीचा आकडा जाणार होता बाबांच्या बंद पडलेल्या नंबरावर. आमच्यासारखी दोन माणसे, दिवसभर दुसऱ्यांच्या विद्याचे बॅकअप सांभाळणारी! कंपनीत तीन-तीन प्रती ठेवतो आणि बाबांच्या लिखाणाची एकही नव्हती.

हे काही आमच्याच बाबतीत घडते असे नाही. मोफत जागेचा इतिहासच असा आहे. नव्वदच्या दशकात अनेकांनी हौसेने घरगुती पाने थाटली ती जिओसिटीजवर. ती सेवा अमेरिकेत ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली. ऑर्कुट जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले. कॉलेजात असताना आमच्या पिढीचा निम्मा दिवस तिथे स्क्रॅप लिहिण्यात गेला, आणि ज्याला मित्रांकडून टेस्टिमोनियल मिळाले नाही तो बिचारा. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झाले. ज्यांनी मुदतीत आपला मजकूर उतरवून घेतला नाही त्यांचा गेला. गूगल रीडर, ज्यात आम्ही सगळे ब्लॉग एका जागी वाचायचो, तो जुलै २०१३ मध्ये गेला आणि त्याच्याबरोबर ब्लॉग वाचायची सवयही बरीचशी गेली. एप्रिल २०१९ मध्ये गूगल प्लस गेले. याहू ग्रुप्स, ज्यावर परदेशातल्या कित्येक मराठी मंडळींच्या गप्पा आणि निरोप चालायचे, ते डिसेंबर २०२० मध्ये पूर्ण बंद झाले. उलट 'मायबोली'सारखे मराठी माणसांनी चालवलेले संकेतस्थळ १९९६ पासून अजून उभे आहे. मोठी कंपनी म्हणजे भक्कम जागा, हे गणित खरे नाही. कंपनीला परवडेनासे झाले की ती दुकान आवरते, आणि आपण तिचे गिऱ्हाईकसुद्धा नसतो, कारण आपण पैसे दिलेले नसतात.

तर आम्ही शोधाशोध सुरू केली. सॅन फ्रान्सिस्कोची 'इंटरनेट अर्काइव्ह' ही ना-नफा संस्था १९९६ पासून जालावरच्या सार्वजनिक पानांच्या प्रती साठवते. त्या बघायच्या सोयीला 'वेबॅक मशीन' म्हणतात. तिथे जुन्या पानाचा पत्ता टाकला की त्या पानाच्या कुठल्या तारखांच्या प्रती आहेत ते दिसते. बाबांच्या ६३ लेखांपैकी ११ तिथे मिळाले. भूकंपाचा लेख होता, पण प्रत अगदी सुरुवातीची. त्याखाली आमचे दोन शहाणे प्रतिसाद, बाकी काही नाही.

म्हणजे लेख होता, पण त्याच्याभोवती जमलेली माणसे नव्हती. लेख तसाही गेला नसता, कारण वह्या कपाटात होत्या. प्रतिसाद मात्र कुठल्याच वहीत नव्हते.

शेवटी मस्कतच्या मावशींना विचारले. त्या आता पुण्यात लेकीकडे असतात. त्यांनी २०१४ मध्ये प्रतिसाद देताना खालच्या एका चौकोनात खूण केली होती, 'पुढचे प्रतिसाद मला ईमेलने कळवा'. आपण सगळे ती खूण काढून टाकतो, उगाच टपाल नको म्हणून. मावशींनी ती राहू दिली आणि एकही ईमेल कधी पुसला नाही. त्यांच्या टपालपेटीत त्यांच्यानंतरचे चाळीसच्या चाळीस प्रतिसाद तारीखवार होते. त्यांनी स्वतः काय लिहिले होते तेही बाबांच्या उत्तरात उद्धृत केलेले सापडले. बेरीज ४३. ते सगळे त्यांनी आम्हाला एका रविवारी एकेक करून पाठवले, कारण एकदम निवडून कसे पाठवायचे ते त्यांना माहीत नव्हते, आणि मधे थांबून सांगावे असे आम्हाला वाटले नाही.

सगळे परत मिळाले नाही. शेवटची दोन वर्षे बाबा वही सोडून थेट फोनवर लिहू लागले होते (आमच्याच आग्रहाने). त्यातले नऊ लेख कुठेच नाहीत. एकाचे शीर्षक आम्हाला आठवते, 'पानशेतच्या पाण्याचा वास'. आत काय होते ते आठवत नाही. तेव्हा वाचले होते की नुसतेच 'छान' लिहिले होते, कोण जाणे.

आता कामाचे. ह्या वर्षभरात आम्ही स्वतः काय केले ते सांगतो, तुम्हाला त्यातले जमेल ते घ्या.

बाबांचे लेख पुन्हा ब्लॉगवरच चढवले, पण ह्या वेळी स्वतःचे डोमेन नाव घेतले. वर्षाला साधारण दहा-वीस डॉलर पडतात. फायदा असा की उद्या एक सेवा बंद झाली तर मजकूर उचलून दुसरीकडे न्यायचा आणि नाव तेच ठेवायचे. जुने दुवे मोडत नाहीत. (नूतनीकरण मात्र विसरायचे नाही, नाहीतर नाव दुसरा कुणी घेतो.) ब्लॉगर काय किंवा वर्डप्रेस काय, दोन्हीकडे सेटिंगमध्ये सगळा ब्लॉग उतरवून घ्यायची सोय आहे. एक एक्सएमएल फाइल मिळते, तिच्यात लेख आणि प्रतिसाद दोन्ही असतात. ह्यात एक खोच आहे, जी पुष्कळांना उशिरा कळते. त्या फाइलमध्ये फोटो नसतात, नुसते फोटोंचे पत्ते असतात. फोटो वेगळे उतरवून घ्यावे लागतात. आम्ही दर दसऱ्याला हे करतो, शस्त्रपूजेबरोबर. एक प्रत घरातल्या डिस्कवर, एक भारतात बहिणीकडे.

फेसबुकवरही 'तुमची माहिती उतरवून घ्या' अशी सोय आहे. पण तिथे तुम्ही लिहिलेले मिळते, तुमच्या नोंदीखाली इतरांनी लिहिलेले मिळत नाही. म्हणजे आमच्या बाबतीत जे गेले नेमके तेच. एखादी चर्चा खरोखर मोलाची वाटली तर त्याच दिवशी ती नकलून ठेवावी. व्हॉट्सॲपमध्ये प्रत्येक गप्पांच्या मेनूत 'एक्सपोर्ट चॅट' असते, त्याने साधी मजकुराची फाइल मिळते. आजीने ग्रुपवर सांगितलेल्या गोष्टींसाठी ते पुरेसे आहे. मजकूर शक्यतो अक्षरांतच राहू द्या, फोटोवर छापलेला नको. अक्षरे असली की यंत्राला ती शोधता येतात आणि वाचूनही दाखवता येतात. आमच्या मुलीला मराठी समजते पण भरभर वाचता येत नाही. ती फोनला बाबांचे लेख वाचायला लावते. उच्चार विनोदी असतात, पण ऐकते.

खात्यांच्या वारशाचेही बघा. गूगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. तुम्ही ठरवलेल्या मुदतीत खाते वापरले गेले नाही तर तुमच्या विश्वासातल्या दहापर्यंत माणसांना कळवायचे आणि मजकूर द्यायचा, असे आधीच सांगून ठेवता येते. हे न करता खाते दोन वर्षे तसेच पडून राहिले तर ते मजकुरासकट काढून टाकले जाऊ शकते, हे धोरण २०२३ पासून आहे. फेसबुक आणि ॲपल ह्यांच्याकडे 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमता येतो. सगळे मिळून अर्ध्या तासाचे काम आहे. भारतातल्या आईवडिलांसाठी हे बसून करून द्या, आणि त्यांचा मोबाइल नंबर, तसा प्रसंग आलाच तर, निदान वर्षभर तरी चालू ठेवा. खाती, बँका, गॅस, सगळ्यांचे पडताळणीचे आकडे त्यावरच येतात.

सार्वजनिक लिहिताना थोडे भान लागते, ते थोडक्यात. घराचा पत्ता, मुलांची शाळा, जन्मतारखा लिहू नयेत. भारतवारीचे वर्णन परत आल्यावर लिहावे, जायच्या आधी नाही. आणि मुलांचे फोटो टाकताना त्यांना विचारावे. आमच्या आठ वर्षांच्या कन्येने दोन फोटो काढायला लावले आणि तिचे म्हणणे रास्त होते.

काकूंना आम्ही अखेर हेच सांगितले. पाककृती ब्लॉगवर, त्याचा दुवा व्हॉट्सॲपवर, आणि एक चित्र इन्स्टाग्रामवर, म्हणजे लेकही खूश. भारतातल्या मापाच्या वाट्या इथल्या कपांत किती होतात तेही लिहा म्हटले, कारण शोधणारा बहुतेक तेच शोधत येईल.

गणेशोत्सवात आरतीनंतर आम्ही दोघे हॉलच्या मागच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसणार आहोत. कुणाचा जुना ब्लॉग बंद पडला असेल, कुणाला आईवडिलांचा मजकूर उतरवून घ्यायचा असेल, त्यांनी परवलीचा शब्द आणि तो फोन, दोन्ही बरोबर आणावे. जुन्या फॉन्टमधल्या फाइल असतील तर त्याही आणा, बहुतेकांचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते.

काकूंचा ब्लॉग गेल्या महिन्यात सुरू झाला. पहिली पाककृती कच्च्या फणसाच्या भाजीची आहे. खाली दोन प्रतिसाद आहेत, एक भाचीचा आणि एक आमचा.

चू. भू. द्या. घ्या.